एकच जिवाणू, तीन आकडे: हायड्रोफोबिसिटी नक्की मोजायची कशी?

ताकातला_जंतू (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याची, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं सत्र. प्रबंधासाठी घरगुती विरजणांतून तीन लॅक्टोबॅसिलस वेगळे केलेत. एक आमच्या दांडिया बाजारातल्या घरचं, आजीच्या विरजणातलं. एक शेजारच्या बांच्या छाशीतलं. तिसरं वाडीतल्या मावशींकडचं. वहीत त्यांची नावंही तशीच आहेत: आजी-३, बा-१, मावशी-२.

पेशींचा पृष्ठभाग किती हायड्रोफोबिक (पाणी झिडकारणारा) आहे ते मोजायचंय, म्हणजे आतड्याला चिकटण्याबद्दल काही बोलता येईल. पद्धत नेहमीची: पेशी धुवायच्या, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कालवायच्या, वर तेल (माझ्याकडे झायलीन किंवा हेक्झाडेकेन) घालून व्हॉर्टेक्स मशीनवर जोरात हलवायचं, थर वेगळे झाले की खालच्या पाण्याची ओडी (गढूळपणाचा आकडा) घ्यायची. जितकी ओडी उतरली तितक्या पेशी तेलाला चिकटल्या. (आधीची वजा नंतरची, भागिले आधीची, गुणिले शंभर.)

आता आजी-३ चा तमाशा बघा, ६०० नॅनोमीटरवर:
झायलीन: ०.६२ वरून ०.१७, म्हणजे ७३ टक्के.
हेक्झाडेकेन, बुधवारी: ०.६२ वरून ०.४३, म्हणजे ३१ टक्के.
हेक्झाडेकेन, शनिवारी: ०.६२ वरून ०.६६. म्हणजे उणे ६ टक्के!!

त्यात भर म्हणून ९६ घरांच्या प्लेटमध्ये क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने चिकटणं बघितलं, तर तिघांत आजी-३ सगळ्यात फिकट, म्हणजे सगळ्यात कमी चिकटलेला. गाईड विचारतात, "खरा आकडा कुठला?" माझी बोटं जांभळी आणि डोकं रिकामं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खंडेराव_मार्केट (सोमवार, रात्री ११.३४)

हायड्रोफोबिया म्हणजे जलसंत्रास ना? कुत्रा चावल्यावर होतो तो. दह्याला कुठला कुत्रा चावला?

(पळतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

सूरसागर_काठी (मंगळवार, सकाळी ६.५०)

ताई, आकडे नंतर बघू. आधी काही चौकश्या. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातून एकच शिकलो की आकडा चुकीचा वाटला तर आधी नळी बघायची.

शनिवारी खोलीत एसी किती होता? हेक्झाडेकेनची बाटली कुठे ठेवलेली? ओडीसाठी क्युव्हेट (यंत्रात ठेवायची चौकोनी नळी) काचेची की फेकून देण्याजोगी प्लास्टिकची? व्हॉर्टेक्स किती सेकंद, आणि कशात? तळ गोल असलेली नळी की एपेनडॉर्फ (टोकदार तळाची छोटी नळी)? हलवल्यावर किती वेळ थांबलीस? बफर कुठला?

---

ताकातला_जंतू (मंगळवार, दुपारी १.१५)

काका, उत्तरं देते.

एसी शनिवारी १७ वर होता. बाहेर ४३ अंश आणि शेजारच्या टेबलावरचं उपकरण गरम होतं म्हणून सिनियर्सनी कमी केलेला. बाटली तिथेच शेल्फवर. हो, एक गोष्ट. तळाशी दुधावर साय धरावी तसं काहीतरी पांढरं दिसत होतं, मी लक्ष दिलं नाही.

क्युव्हेट प्लास्टिकच्या. झायलीनच्या दिवशी वापरलेल्या नंतर धुरकट झाल्या, त्या टाकून दिल्या. व्हॉर्टेक्स दोन मिनिटं, पण आमचं मशीन जरा दाबून धरावं लागतं. नळी गोल तळाची. थांबले साधारण पाच मिनिटं, पुढे लेक्चर होतं. बफर पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर), पीएच ७.२.

---

सूरसागर_काठी (मंगळवार, रात्री ९.०५)

साय नाही ती बाई, हेक्झाडेकेनच गोठलं होतं! ते साधारण १८ अंशांना थिजतं. आपल्या बडोद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी हा प्रकार एसीशिवायही होतो. उत्तरायणाच्या आसपास बाटली उचलली की आत मेणाचा गोळा. तुझ्याकडे भर उन्हाळ्यात एसीने हिवाळा आणला. अर्धवट थिजलेल्या तेलाच्या कण्या पाण्याच्या थरात उतरल्या, त्यांनी प्रकाश विखुरला आणि ओडी वाढली. तुझे उणे ६ टक्के ते हे. पाच मिनिटांचा विसावा हेही कारण. बारीक थेंब वर चढायला वेळ लागतो. मूळ पद्धतीत १० मिनिटं ३० अंशांना ठेवून, मग १२० सेकंद हलवून, मग १५ मिनिटं थांबायचं असतं. लेक्चर चुकलं तरी चालेल, ती पंधरा मिनिटं चुकवू नकोस. आणि पेशी न घालता नुसतं बफर आणि तेल अशी एक नळी नेहमी सोबत चालव. तिची ओडी शून्याच्या आसपास आली नाही तर त्या दिवसाचं काहीच लिहू नकोस.

आता झायलीन. इथे दोन चुका उलट्या दिशांनी ओढतायत म्हणून प्रकरण जास्त वाईट. झायलीन पॉलीस्टायरीन, म्हणजे क्युव्हेटचं प्लास्टिक, विरघळवतं. क्युव्हेट धुरकट झाली की ओडी खोटी वाढते, म्हणजे टक्केवारी खोटी उतरते. दुसरीकडे झायलीन आणि टोल्युइन पेशींच्या पटलाला मारक असतात. पेशी फुटली तर पाणी निवळतं, ओडी उतरते आणि आपण समजतो की ती तेलाला जाऊन बसली. म्हणजे टक्केवारी खोटी चढते. तुझ्या ७३ मध्ये कशाचा वाटा किती ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. पीबीएस आणि झायलीन हलवून ठेव, थर वेगळे झाले की फक्त खालचं पाणी घे. त्यात झायलीन मुरलेलं आहे पण तेलाचा थर नाही. त्यात पेशी घाल, झाकण घट्ट लाव, तितकाच वेळ ठेव आणि काचेच्या क्युव्हेटमध्ये ओडी घे. चिकटायला तेलच नाही. तरी ओडी पडली तर पेशी फुटतायत. कुणी सांगेल २६० नॅनोमीटरवर सुटलेलं डीएनए मोज. ऐकू नकोस, झायलीन स्वतःच तिथे भरपूर प्रकाश शोषतं.

आणि सूक्ष्मदर्शक विसरलात का रे तुम्ही मुलं? मधल्या मलईसारख्या थराचा एक थेंब काचपट्टीवर घे. तेलाच्या थेंबाभोवती पेशी लाडवावर खसखस लावल्यासारख्या दिसल्या तर त्या खरंच चिकटल्यात.

---

पानिगेटकर (मंगळवार, रात्री ९.४०)

+१. वाचनखूण साठवली आहे.

---

तैलबिंदू (मंगळवार, रात्री ११.५५)

कोयलीच्या रिफायनरीच्या अंगाने आयुष्य गेलं असल्यामुळे तेल खाणाऱ्या जिवाणूंवर थोडं काम केलंय. या चाचणीचा जन्म दह्यात नाही, तेलात झाला आहे, हे लक्षात ठेवलं तर बराच घोळ निवळतो.

१९८० साली तेल अवीवमध्ये मेल रोझेनबर्ग, डेव्हिड गटनिक आणि यूजीन रोझेनबर्ग यांनी ही पद्धत छापली. त्यांचा लाडका जिवाणू होता अॅसिनेटोबॅक्टर आरएजी-१, जो हेक्झाडेकेन खाऊन जगतो. तेल खायचं तर आधी तेलाला धरता आलं पाहिजे. म्हणून प्रश्न अगदी सरळ होता: हा तेलाला चिकटतो का? नाव ठेवलं "बाथ", बॅक्टेरियल अॅडहिअरन्स टू हायड्रोकार्बन्स. पुढे "बॅक्टेरियल"च्या जागी "मायक्रोबियल" येऊन त्याचंच "मॅथ" झालं, कारण यीस्टसारखे इतर सूक्ष्मजीवही त्याच न्हाणीघरात आणले गेले.

गंमत म्हणजे हेच मेल रोझेनबर्ग पुढे तोंडाच्या दुर्गंधीचे तज्ज्ञ झाले आणि तेल-पाणी दोन थरांचा माउथवॉश काढला. बाटली हलवायची, चूळ भरायची, तोंडातले जिवाणू तेलाच्या थेंबांना चिकटून बाहेर. त्यात सेटिलपायरिडिनियम क्लोराइड असतं. ते धन भाराचं, जिवाणू ऋण भाराचे. ते पेशीवर बसलं की पेशी तेलाकडे जास्त सहज जाते. म्हणजे तीच मॅथ चाचणी, नळीऐवजी तोंडात. आजोबा म्हणायचे गुळण्या तिळाच्या तेलाच्या करा, ते आठवलं. (ते वेगळं, मला ठाऊक आहे. कुणी भांडायला येऊ नका.)

अवांतराबद्दल क्षमस्व.

---

पेट्रीकन्या (बुधवार, सकाळी ८.२०)

काकांशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांवर भांडते.

तैलबिंदूंनी नकळत मर्मावर बोट ठेवलंय. धन भाराचा पदार्थ घातल्यावर पेशी तेलाला जास्त चिकटते, तर मग आपण मोजतोय काय, हायड्रोफोबिसिटी की विद्युतभार? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या बुश्शेर आणि व्हॅन डेर मेई यांच्या गटाने १९९०च्या दशकात हेच उकरून काढलं. पाण्यातल्या हेक्झाडेकेनच्या थेंबांवर स्वतःचा ऋण भार असतो आणि तो बराच मोठा असतो. पेशीही ऋण. दोघं एकमेकांना ढकलणार. पीएच खाली आणला की भार कमी होतो आणि तीच पेशी तेलाला आनंदाने चिकटते. क्षार वाढवले तरी ढकलाढकली झाकली जाते. म्हणजे टक्केवारी पीएच आणि बफरसकट लिहिली नाही तर तिला अर्थ नाही.

आता ताई, तुझी मॅथ पीएच ७.२ च्या पीबीएसमध्ये. प्लेटमध्ये मात्र चोवीस तास एमआरएस ब्रॉथ (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं माध्यम), तिथे लॅक्टोबॅसिलसनी आम्ल करून पीएच ४ च्या जवळ नेला असणार. या दोन आकड्यांनी एकमेकांशी जुळावं अशी अपेक्षाच का?

दुसरं, प्लेट चिकटणं मोजत नाही, निदान तू केलीस तशी नाही. चोवीस तासांत पेशी वाढतात, थर धरतात, चिकट बहुशर्करा सोडतात. क्रिस्टल व्हायोलेट जिवंत, मेलेलं, पेशी, चिकटा सगळं रंगवतं. तो बायोफिल्मचा हिशेब झाला. नुसतं चिकटणं हवं असेल तर धुतलेल्या पेशी बफरमध्ये एक-दोन तासच ठेव, वाढ होऊ देऊ नकोस.

तिसरं, प्लेट कुठली? टिश्यू कल्चरसाठी प्रक्रिया केलेली असेल तर तिचा पृष्ठभाग मुद्दाम पाणी धरणारा केलेला असतो. साधी, प्रक्रिया न केलेली पॉलीस्टायरीन पाणी झिडकारते. दोन्ही दिसायला सारख्या. हायड्रोफोबिक पेशीला पहिलीत करमणारच नाही.

चौथं, धुणं. प्लेट उलटी करून टिपकागदावर आपटता ना सगळे? पाण्याची कड पृष्ठभागावरून सरकताना पृष्ठताणाचा जो झटका बसतो, तो चिकटलेल्या कितीतरी पेशी ओरबाडून नेतो. मग तू मोजतेस ते "किती चिकटल्या" नव्हे, "आपटल्यावर किती टिकल्या". हे टाळायला लोक प्रवाहाचा कक्ष वापरतात, दोन समांतर काचांमधून द्रव वाहतो आणि वरून सूक्ष्मदर्शकाने पेशी बसताना मोजतात, मध्ये हवा येऊच देत नाहीत.

म्हणून माझं मत: मॅथ टाकून दे. संपर्ककोन घे.

---

खंडेराव_मार्केट (बुधवार, सकाळी ९.०२)

संपर्ककोन म्हणजे काय ते आम्हा किराणा लोकांना कळेल असं सांगा. पॉपकॉर्न संपलं, आता खरंच रस आलाय.

---

सूरसागर_काठी (बुधवार, दुपारी ३.३०)

खंडेराव, अळवावरचं पाणी. अळूच्या पानावर थेंब गोटीसारखा उभा राहतो, पालकाच्या पानावर पसरतो. थेंबाची कड पानाशी जो कोन करते तो संपर्ककोन. थेंब जितका उभा, कोन जितका मोठा, तितका तो पृष्ठभाग पाण्याला नको म्हणणारा.

जिवाणूचं "पान" करायचं म्हणजे अब्जावधी पेशी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीवर पंपाने ओढून त्यांचं जाड, सपाट हिरवळीसारखं आवरण करायचं. ते थोडं वाळू द्यायचं, त्यावर पाण्याचा छोटा थेंब सोडायचा आणि बाजूने फोटो काढायचा. गोची वाळवण्यात आहे. ओली हिरवळ असेल तर कोन जवळजवळ शून्य, कारण थेंब पाण्यातच मिसळतो. वाळत जाते तसा कोन वाढतो, मग काही काळ स्थिर राहतो, मग पार सुकली की पुन्हा बदलतो. त्या मधल्या स्थिर काळातच मोजायचं. दर पाच-दहा मिनिटांनी मोजून तो काळ आधी शोधावा लागतो आणि दमट हवेत तो लांबतो. जुलैत आपल्याकडे गाळणी वाळता वाळत नाही.

पेट्रीकन्येला सांगतो, संपर्ककोन उत्तम, मान्य. तुमच्याच ग्रोनिंगेनवाल्यांनी १९९८ मध्ये १४२ जातीप्रकारांचे कोन एकत्र करून छापले, तो सगळ्यांच्या कामाचा ऐवज आहे. पण सुकवलेली पेशी म्हणजे पाण्यात पोहणारी पेशी नव्हे. तिचे केस, तिची पिली (पृष्ठभागावरचे प्रथिनांचे धागे), सगळं आडवं पडतं. वाळवलेल्या लोणच्याच्या फोडीवरून कैरी कशी होती ते सांगायचं, तसला प्रकार. मॅथमध्ये निदान पेशी पाण्यात असते. टाकू नये. नीट करावी.

---

पेट्रीकन्या (बुधवार, दुपारी ४.१०)

लोणच्याची उपमा आवडली, युक्तिवाद नाही :) मॅथ नीट करायची तर मग एका टक्केवारीवर थांबू नका, हलवण्याचा वेळ बदलत न्या, १०, २०, ४० सेकंद असं. ओडी किती वेगाने उतरते त्यावरून दर काढा. दोन मिनिटांनी बऱ्याचदा फरक पुसला जातो. तेलाचं प्रमाणही बदलून बघा, मूळ पद्धतीत तेच केलं होतं.

---

तैलबिंदू (बुधवार, रात्री १०.२०)

आणि झायलीन बाजूला ठेवून पेशीचा इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याचा स्वभाव बघायचा असेल तर "मॅट्स" आहे, म्हणजे सूक्ष्मजीव वेगवेगळ्या द्रावकांना किती चिकटतात ती चाचणी. बेलोन-फोंतेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुचवलेली. हेक्झाडेकेनसोबत क्लोरोफॉर्म लावायचा. दोघांचा पाण्याला झिडकारण्याचा भाग जवळपास सारखा, पण क्लोरोफॉर्म इलेक्ट्रॉन घेणारा. क्लोरोफॉर्मला जास्त चिकटली तर पेशी इलेक्ट्रॉन देणारी आहे. दुसरी जोडी डेकेन आणि इथाइल अॅसिटेटची, उलट्या गुणासाठी.

एक धोक्याची सूचना. क्लोरोफॉर्म पाण्याहून जड. तो तळाशी बसतो, पाणी वर. सवयीने पिपेट खाली घातली तर क्लोरोफॉर्मच येईल. आमच्याकडे एकाने ते मोजून तीन दिवस "शंभर टक्के" लिहिले होते.

---

सूरसागर_काठी (गुरुवार, सकाळी ७.१५)

ताई, तेलाशिवायचा एक साक्षीदार हवाच. साधा, स्वस्त, अर्ध्या तासाचा: मिठाने गोळा करणं. स्वीडनमधल्या लिंडाल, फारिस, वॉडस्ट्रोम आणि ह्यर्टेन यांची १९८१ची पद्धत. अमोनियम सल्फेटचं द्रावण ४ मोलरपासून निम्मं-निम्मं पातळ करत जा. काचपट्टीवर २५ मायक्रोलिटर पेशी, २५ मायक्रोलिटर क्षार, दोन मिनिटं पट्टी अलगद डोलव, काळ्या कागदावर धरून बघ. ज्या सर्वांत पातळ क्षारात गुठळ्या दिसतात तो आकडा. आकडा जितका लहान तितकी पेशी जास्त हायड्रोफोबिक. हे उलटं आहे, तक्ता लिहिताना निम्मे विद्यार्थी इथेच पडतात.

साबण करताना मीठ घातलं की साबण पाण्यातून वर सुटतो, तसंच. क्षार पाणी स्वतःकडे ओढतो, मग पाण्याला आधीच नको असलेल्या पेशी एकमेकींना धरतात.

नुसत्या बफरमध्ये एक थेंब आधी बघ. तिथेच गुठळ्या झाल्या तर तो जिवाणू या चाचणीतून बाद.

---

ताकातला_जंतू (पुढचा सोमवार, रात्री १०.४५)

काका, पेट्रीकन्याताई, तैलबिंदू, सगळ्यांना दंडवत. आठवडाभर प्रयोगशाळेतच होते. अपडेट देते.

१. एसी २७ वर, हेक्झाडेकेन ३० अंशांच्या पाण्यात ठेवून वापरलं, काचेची क्युव्हेट, १५ मिनिटं विसावा. आजी-३: पाच वेळा केलं, २८ ते ३५ टक्क्यांच्या मध्ये राहिलं. उणे काही आलं नाही. नुसत्या बफर-तेलाच्या नळीची ओडी ०.०१.

२. झायलीन मुरलेलं पीबीएस, तेलाविना: ०.६० वरून ०.४७!! पेशी फुटतच होत्या. झायलीनचं पान वहीतून फाडलं नाही, पण त्यावर लाल रेघ मारली.

३. मिठाची चाचणी: आजी-३ ला २ मोलरला गुठळ्या, १ मोलरला नाही. मावशी-२ ला ०.५ मोलरलाच. बा-१ नुसत्या बफरमध्येच गोळा झाला, म्हणून बाद. (बांना सांगितलं नाही, वाईट वाटेल.)

४. पीएच ४ च्या बफरमध्ये आजी-३ ची मॅथ ३१ वरून ५० च्या पुढे गेली. पेट्रीकन्याताई, तुम्ही जिंकलात.

५. आमची प्लेट टिश्यू कल्चरची निघाली. पाकिटावर लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नव्हतं, मीसुद्धा. साधी मागवलीय. कडेच्या घरांत नुसतं पाणी भरणार, या उन्हाळ्यात तिथलं माध्यम सकाळपर्यंत आटतं.

गाईडना सगळं दाखवलं. ते आधी म्हणाले, "एकच टक्केवारी लिही, परीक्षकाला सोपं पडतं." मी तक्त्याचं शीर्षक बदलून नेलं. आधी होतं "पेशीपृष्ठाची हायड्रोफोबिसिटी, टक्के". आता आहे "पीबीएस, पीएच ७.२, ३० अंश सें. येथे हेक्झाडेकेनला चिकटलेल्या पेशी, टक्के". त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रकान्यात मावणार नाही." मग स्वतःच पान आडवं करायला सांगितलं.

---

पेट्रीकन्या (सोमवार, रात्री ११.०२)

आडवं पान म्हणजे मोठा विजय! आतड्याला चिकटण्याबद्दल मात्र या आकड्यांवरून काही लिहू नकोस हं. कॅको-२ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या आतड्याच्या) पेशींवरच्या कामांत काही ठिकाणी जुळतं, काही ठिकाणी अजिबात नाही. आतड्यावर श्लेष्मा असतो, तिथे ठरावीक प्रथिनं ठरावीक जागी जाऊन बसतात. हेक्झाडेकेनला ते कुठून कळणार.

---

ताकातला_जंतू (सोमवार, रात्री ११.०९)

ते वाक्य आजच खोडलं, ताई. दीड पान गेलं.

---

खंडेराव_मार्केट (मंगळवार, सकाळी ८.४७)

आज मार्केटात अळूची जुडी घेताना पानावर पाणी टाकून कोन बघितला. भाजीवाली म्हणाली, "काका, पात्रा करवाना छे के प्रयोग?" (पात्रा म्हणजे आपली अळूवडी.)

पानाच्या मागच्या बाजूला थेंब वेगळाच बसतो की हो. हे का?